वीस प्रश्नांच्या मागं नेमकं काय आहे? कागद-पेन्सिलीनं घटक विश्लेषण

प्रश्नावलीत वीस प्रश्न आहेत म्हणून ती वीस गोष्टी मोजते असं नसतं. बहुतेक वेळा ती दोन-तीनच गोष्टी मोजत असते, आणि कधी कधी मुखपृष्ठावर नाव एकाचं असतं नि मोजलं भलतंच जातं. आत काय आहे ते शोधून काढायच्या गणिताला घटक विश्लेषण म्हणतात.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातले बीएडचे आणि मानसशास्त्राचे विद्यार्थी प्रकल्पासाठी पुण्या-मुंबईकडची छापील प्रश्नावली आणतात, जवळच्या मराठी शाळेत भरून घेतात, गुणांची बेरीज करतात आणि 'परीक्षेची चिंता जास्त', 'आत्मविश्वास मध्यम' असे निष्कर्ष लिहून मोकळे होतात. पुण्याच्या मुलांवर तयार झालेली बेरीज आपल्या मुलांवर चालते का, हे कुणी तपासत नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं: ते सॉफ्टवेअरचं काम, आपल्याला कुठं जमणार. मला हे अजिबात पटत नाही. घटक विश्लेषण सुरू झालं तेव्हा संगणक नव्हताच. ज्याला बेरीज, भागाकार आणि वर्गमूळ येतं त्याला ते करता येतं. माझं तर म्हणणं असं की पहिल्यांदा ते हातानंच करावं. निर्णय कुठं घ्यावा लागतो ते हातानं करतानाच दिसतं, मशीन तो निर्णय आपल्या वतीनं गुपचूप घेऊन टाकतं.

आधी मूळ कल्पना. जुलैत जांबोटी-कणकुंबीकडं पाऊस कोसळायला लागला की तिकडून बेळगावला येणारी बस उशिरा येते, दूध उशिरा पोचतं, शाळेतली हजेरी घटते. महिनाभर वहीत नोंदी ठेवल्या तर या तिन्ही गोष्टी एकत्र वर-खाली होताना दिसतील. म्हणून दुधामुळं हजेरी घटली असं कुणी म्हणणार नाही. तिन्हींच्या मागं पाऊस आहे. आता त्याच वहीतले फक्त कोरडे दिवस बाजूला काढले, तर त्या दिवसांत बस आणि दूध यांचा एकमेकांशी फारसा संबंध उरणार नाही. घटक म्हणजे असं मागचं कारण, जे हिशेबात धरलं की पुढच्या गोष्टींचा आपापसातला संबंध विरून जातो. मानसशास्त्राची अडचण एवढीच की तिथं पाऊस डोळ्यांना दिसत नाही. चिंता कुणी पाहिलेली नाही, बुद्धीला कुणी हात लावलेला नाही. हातात असते ती फक्त वही, आणि तिच्यावरून पाऊस होता का, एकच कारण होतं की दोन, हे ठरवायचं असतं.

दोन गोष्टी एकत्र किती हलतात ते सांगणारा आकडा म्हणजे सहसंबंध. तो −१ पासून +१ पर्यंत असतो. शून्य म्हणजे काही संबंध नाही. मोबाइलवरच्या एक्सेलमध्येही तो चुटकीसरशी निघतो, पण तेही नको असेल तर एक जुना सोपा मार्ग आहे. समजा १०० मुलांनी दोन विधानांना गुण दिलेत. प्रत्येक विधानावर मुलांचे दोन सारखे भाग करा, वरचे ५० आणि खालचे ५०. मग चार खण काढून मोजा: दोन्हींत वर किती, दोन्हींत खाली किती, एकात वर नि दुसऱ्यात खाली किती. समजा दोन्हींत वर ३५, दोन्हींत खाली ३५, आणि मिश्र खणांत १५-१५ आले. ३५ × ३५ मधून १५ × १५ वजा करा, १००० उरतात. त्याला ५० × ५० म्हणजे २५०० नं भागा. उत्तर ०.४०. झाला सहसंबंध.

या पद्धतीत एक खोट आहे. वर-खाली असे दोनच भाग केल्यानं बारीक फरक पुसले जातात आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. ती भरून काढायची एक युक्ती आहे. एकसारख्या खणांचा गुणाकार (३५ × ३५) भागिले मिश्र खणांचा गुणाकार (१५ × १५), त्याचं वर्गमूळ २.३३. त्यात १ मिळवा, ३.३३. आता १८० अंशांना ३.३३ नं भागा, ५४ अंश आले. ५४ अंशांची कोज्या (कॅल्क्युलेटरवरचं cos) ०.५९. मूळ गुण जर घंटेच्या आकारात (मधे जास्त मुलं, दोन्ही टोकांना कमी) पसरलेले असतील तर खरा सहसंबंध याच्या आसपास असतो. दोन्ही आकडे वापरण्याजोगे आहेत, फक्त एकाच तक्त्यात दोन्हींची सरमिसळ करू नका.

या तक्त्यांकडं पहिल्यांदा नीट पाहिलं ते चार्ल्स स्पिअरमन यांनी. ब्रिटिश सैन्यातली नोकरी सोडून ते लाइपझिगला वुंट यांच्याकडं मानसशास्त्र शिकायला गेले होते. १९०४ साली त्यांनी शाळकरी मुलांच्या गुणांवरचा लेख छापला. विषय होते ग्रीक-लॅटिन, फ्रेंच, इंग्रजी, गणित, स्वरांमधला फरक ओळखणं आणि संगीत. सगळे सहसंबंध धन होते: ग्रीक-लॅटिन आणि फ्रेंच ०.८३, तर स्वरभेद आणि संगीत ०.४०. स्पिअरमन यांच्या लक्षात आलं की हे आकडे एका शिस्तीत उतरत जातात. मागं एकच घटक असेल तर कुठल्याही दोन विषयांमधला सहसंबंध हा त्या दोघांच्या घटकभारांचा गुणाकार असायला हवा. घटकभार म्हणजे तो विषय घटकाशी किती घट्ट बांधलेला आहे त्याचा आकडा. मग चार विषय घेतले की तिरपे गुणाकार सारखे यायला हवेत. करून बघा. ग्रीक-लॅटिन आणि इंग्रजी ०.७८, फ्रेंच आणि संगीत ०.५७, गुणाकार ०.४४. ग्रीक-लॅटिन आणि संगीत ०.६३, फ्रेंच आणि इंग्रजी ०.६७, गुणाकार ०.४२. जवळजवळ सारखेच. एवढ्या साध्या गुणाकारावरून स्पिअरमन म्हणाले की सगळ्या विषयांच्या मागं एक सामान्य बुद्धी आहे.

आता आपलं उदाहरण. दहावीच्या मुलांसाठी परीक्षेच्या चिंतेची सहा विधानं घेऊ:

१. परीक्षेच्या आदल्या रात्री मला झोप लागत नाही.
२. पेपर हातात पडला की छातीत धडधडतं.
३. लिहिताना हाताला घाम सुटतो.
४. नापास झालो तर घरचे काय म्हणतील, हे डोक्यात घोळत राहतं.
५. केलेला अभ्यास ऐन वेळी विसरेन असं वाटतं.
६. बाकीच्यांपेक्षा मागं पडेन अशी धास्ती वाटते.

सहा विधानांच्या जोड्या होतात १५. खालचे आकडे समजावण्यासाठी मी मांडलेत, कुठल्या शाळेचे नव्हेत.

| | झोप | धडधड | घाम | घरचे | विसर | मागं पडणं |
|---|---|---|---|---|---|---|
| झोप | – | ०.५ | ०.४ | ०.४ | ०.३ | ०.३ |
| धडधड | ०.५ | – | ०.७ | ०.२ | ०.३ | ०.२ |
| घाम | ०.४ | ०.७ | – | ०.२ | ०.२ | ०.१ |
| घरचे | ०.४ | ०.२ | ०.२ | – | ०.५ | ०.६ |
| विसर | ०.३ | ०.३ | ०.२ | ०.५ | – | ०.४ |
| मागं पडणं | ०.३ | ०.२ | ०.१ | ०.६ | ०.४ | – |

सगळ्यात सोपी पद्धत लुई मॅक्‌क्विटी यांनी १९५७ साली मांडली. तिला एकसुद्धा गणित लागत नाही. प्रत्येक स्तंभातला सगळ्यात मोठा आकडा पेन्सिलीनं गोल करा आणि ते विधान ज्याच्याशी जोडलं जातं तिकडं बाण काढा. झोपेचा बाण धडधडीकडं. धडधडीचा घामाकडं, घामाचा परत धडधडीकडं. घरच्यांचा बाण मागं पडण्याकडं, मागं पडण्याचा घरच्यांकडं, विसरण्याचा घरच्यांकडं. कागदावर दोन टोळकी वेगळी पडली. एकात शरीराच्या तक्रारी, दुसऱ्यात डोक्यातली काळजी. पाच मिनिटांचं काम आहे. ही विभागणी काल्पनिकही नाही. लीबर्ट आणि मॉरिस यांनी १९६७ साली परीक्षेच्या चिंतेचे असेच दोन भाग दाखवले, काळजी आणि शारीरिक खळबळ, आणि नंतरच्या मोठ्या प्रश्नावल्यांमध्ये हे दोन भाग वेगळे मोजले जाऊ लागले.

बाणांवरून गट कळतात, पण कुठलं विधान गटाशी किती घट्ट आहे ते कळत नाही. गटात तीनच विधानं असतील तर त्यासाठीही स्पिअरमन यांचाच एक छोटा हिशेब आहे. 'घरचे' या विधानाचा घटकभार हवाय? त्याचे बाकीच्या दोघांशी असलेले सहसंबंध गुणा: ०.५ × ०.६ = ०.३०. त्या दोघांच्या आपसातल्या सहसंबंधानं भागा: ०.३० ÷ ०.४ = ०.७५. वर्गमूळ ०.८७. याच रीतीनं 'विसर' ०.५८ आणि 'मागं पडणं' ०.६९. घटकभाराचा वर्ग केला की त्या विधानातला किती हिस्सा घटकामुळं आहे ते कळतं. 'घरचे' मध्ये ७५ टक्के, 'विसर' मध्ये जेमतेम ३३ टक्के. म्हणजे विसरेन असं वाटणं हे काळजीतून येतं खरं, पण त्यात दुसरंही बरंच काही मिसळलेलं आहे. कदाचित त्या मुलाचा अभ्यास खरोखरच झालेला नसेल.

विधानं वाढली की सगळा तक्ता एकदम हाताळणारी रीत लागते. ती शिकागोच्या लुई थर्स्टन यांनी १९३० च्या दशकात रूढ केली. थर्स्टन मुळात इंजिनिअर, आणि त्यांच्यापुढचा प्रश्न अगदी व्यवहारी होता. १९३८ साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात २४० विद्यार्थ्यांनी ५६ चाचण्या सोडवल्या होत्या. ५६ चाचण्यांच्या जोड्या होतात १,५४०. हॅरल्ड होटेलिंग यांनी १९३३ साली मुख्य घटकांची काटेकोर पद्धत दिली होती, पण एवढा मोठा तक्ता तिच्यातून हातानं काढायचा म्हणजे महिन्यांचं काम. थर्स्टन यांच्या पद्धतीला मध्यबिंदू पद्धत म्हणता येईल. तिच्यात बेरजेपलीकडं फारसं काही नाही.

आपल्याच तक्त्यावर करू. कर्णावरच्या, म्हणजे तक्त्यात जिथं '–' आहे त्या, रिकाम्या जागा आधी भरायच्या. एखाद्या विधानाचा स्वतःशी सहसंबंध १ असतो, पण तो १ इथं घ्यायचा नाही, कारण त्यात त्या विधानाचा स्वतःचा खास भाग आणि चूकही आली. आपल्याला फक्त बाकीच्यांबरोबर वाटून घेतलेला भाग हवाय. सोपा अंदाज म्हणून त्या स्तंभातला सगळ्यात मोठा आकडाच तिथं लिहितात. झोपेला ०.५, धडधडीला ०.७, घामाला ०.७, घरच्यांना ०.६, विसरण्याला ०.५, मागं पडण्याला ०.६. मग स्तंभांच्या बेरजा करा: २.४, २.६, २.३, २.५, २.२, २.२. सगळ्यांची बेरीज १४.२. तिचं वर्गमूळ ३.७७. प्रत्येक स्तंभाची बेरीज या ३.७७ नं भागली की पहिल्या घटकाचे भार मिळतात: ०.६४, ०.६९, ०.६१, ०.६६, ०.५८, ०.५८.

सहाही विधानं या पहिल्या घटकाशी जवळपास सारखीच बांधलेली दिसतात. इथंच थांबलं तर 'परीक्षेची चिंता' नावाची एकच गोष्ट आहे असं वाटेल. पण हा घटक काढून घेतल्यावर मागं काय उरतं ते बघायला हवं. पावसाळी दिवस वेगळे काढल्यावर बस आणि दुधाचं काय झालं ते पाहिलं, तसंच. प्रत्येक जोडीच्या सहसंबंधातून त्या दोघांच्या भारांचा गुणाकार वजा करा. धडधड आणि घाम: ०.७० वजा (०.६९ × ०.६१), उरले ०.२८. घरचे आणि मागं पडणं: उरले ०.२१. उलट धडधड आणि घरचे: ०.२० वजा (०.६९ × ०.६६), उरले −०.२६. घाम आणि मागं पडणं: −०.२६. म्हणजे एका टोळक्याच्या आत शिल्लक धन, दोन टोळक्यांच्या मध्ये ऋण. झोपेची शिल्लक मात्र सगळ्यांशी शून्याच्या आसपास.

दुसरा घटक या शिल्लक तक्त्यातून काढायचा. सरळ बेरीज केली तर धन-ऋण एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून शेवटच्या तीन विधानांची चिन्हं तात्पुरती उलटी करायची, कर्णावर पुन्हा प्रत्येक स्तंभातली सगळ्यात मोठी शिल्लक लिहायची, तोच बेरीज-वर्गमूळ-भागाकार करायचा आणि शेवटी त्या तिघांना उणे चिन्ह परत द्यायचं. उत्तर येतं: झोप ०.१३, धडधड ०.५१, घाम ०.५१, घरचे −०.४५, विसर −०.२८, मागं पडणं −०.४५.

आता तिसरा घटक काढायचा का? पुन्हा शिल्लक काढून बघा. या तक्त्यात सगळ्यात मोठी शिल्लक ०.०७ उरते. १०० मुलांच्या सहसंबंधात नुसत्या योगायोगानं सुमारे ०.१० इतकी चूक असतेच, तेव्हा थांबायला हरकत नाही. किती घटक घ्यायचे याच्या प्रसिद्ध कसोट्या नंतरच्या आहेत (कायझर १९६०, हॉर्न १९६५, कॅटेल १९६६). त्यातली हॉर्न यांची सगळ्यात भरवशाची. सॉफ्टवेअर मात्र बऱ्याचदा न विचारता कायझर यांची लावतं, आणि ती हवे त्याहून जास्त घटक काढून देते.

पुढचं काम आलेख कागदाचं. पहिला घटक आडवा, दुसरा उभा, आणि सहा विधानांचे सहा ठिपके. हे करताना आमची नंदगडकडची एक विद्यार्थिनी मला अजून डोळ्यांपुढं दिसते. तिनं ठिपक्यांवर बटर पेपर ठेवला, त्यावर दोन काटकोनी रेघा ओढल्या, मध्यावर कंपासची सुई टोचली आणि बटर पेपर हळूहळू फिरवत राहिली. पंचेचाळीस अंशांच्या आसपास एक रेघ धडधड आणि घाम यांच्या अगदी जवळून गेली, दुसरी घरचे आणि मागं पडणं यांच्या जवळून. तिथं ती थांबली. मग म्हणाली, "सर, ही झोप कुणाकडंच जात न्हाई की."

तिचं निरीक्षण बिनचूक होतं. फिरवलेल्या रेघांवर भार वाचले तर शरीराच्या अक्षावर धडधड ०.८५, घाम ०.७९, काळजीच्या अक्षावर घरचे ०.७८, मागं पडणं ०.७३, विसर ०.६१. परक्या अक्षावर भार किरकोळ: धडधडीचा काळजीकडं ०.१३, घरच्यांचा शरीराकडं ०.१५. आणि झोप? शरीराकडं ०.५४, काळजीकडं ०.३६. बाणांच्या पद्धतीनं झोपेला शरीराच्या टोळक्यात ढकलून दिलं होतं, कारण तिथं एकच बाण काढायची मुभा असते. आलेखानं तिचं दोन्हीकडं असलेलं नातं दाखवलं. असं विधान कुठल्याच बेरजेत घालू नये, किंवा दोन विधानं करून विचारावं: विचार थांबत नाहीत म्हणून झोप लागत नाही, की अंग गरम होतं, उठून पाणी प्यावं लागतं म्हणून? चाचणी सुधारण्याचं खरं काम इथं होतं. छापून आलेल्या कोष्टकातल्या ०.५४ कडं पाहून हा प्रश्न सुचायला फार अनुभव लागतो. बटर पेपर फिरवणाऱ्याला तो लगेच सुचतो.

आधी तीन विधानांच्या हिशेबात आलेले आकडे ('मागं पडणं' चा ०.६९) आता थोडे बदलले, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आलं असेल. दोन सोप्या पद्धतींची उत्तरं दशांशात जुळत नाहीत. क्रम मात्र तोच राहतो: घरचे सगळ्यात पुढं, विसर सगळ्यात मागं. सोप्या पद्धतींकडून एवढीच अपेक्षा ठेवावी, आणि तेवढी पुष्कळ होते.

कागद फिरवण्याच्या या एका कृतीवर मानसशास्त्रातलं फार मोठं भांडण उभं आहे. फिरवण्याआधी सगळ्या विधानांच्या मागं एक सामान्य घटक होता. फिरवल्यावर तो दिसेनासा झाला आणि दोन वेगळे घटक आले. मग खरं कुठलं? गणिताला विचारून उपयोग नाही. धडधड आणि घरचे यांचा सहसंबंध दोन्ही कोष्टकांतून परत काढून बघा. आधीच्या भारांनी (०.६९ × ०.६६) वजा (०.५१ × ०.४५), ०.२३. फिरवलेल्या भारांनी (०.८५ × ०.१५) अधिक (०.१३ × ०.७८), तेच ०.२३. दोन्ही वर्णनं सारखीच बरोबर. स्पिअरमन यांनी एक सामान्य बुद्धी पाहिली, थर्स्टन यांनी अक्ष फिरवून शब्दज्ञान, अंकगणित, स्मरण, अवकाशाचं भान अशा वेगवेगळ्या प्राथमिक क्षमता पाहिल्या. थर्स्टन यांची कसोटी साधी होती: प्रत्येक चाचणी शक्यतो एकाच घटकावर भारी आणि बाकीच्यांवर हलकी पडेल तिथं अक्ष थांबवा. कायझर यांनी १९५८ साली हेच काम गणितानं करणारी व्हेरिमॅक्स पद्धत दिली, आणि आज सॉफ्टवेअरमधलं एक बटण दाबलं की बटर पेपर आपोआप फिरतो. निर्णय मात्र झालेला असतो.

हे वाद दूरदेशीचे वाटतील, पण त्यांचा एक धागा आपल्या मुलखातून जातो. बेळगाव-धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने ही बुद्धिमापनाची चाचणी भारतीय मुलांसाठी बेतली ती कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांवर, आणि त्याबद्दलचा त्यांचा लेख १९३४ साली ब्रिटनच्या शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला. बिने-कामत चाचणी भारतातल्या कितीतरी बालमार्गदर्शन केंद्रांत अजून वापरात आहे. दोन्ही भाषांच्या मुलांवर चाचणी बेतायची, हा विचार नव्वद वर्षांपूर्वी इथं झाला होता याचा मला फार आदर वाटतो. त्या चाचणीचं उत्तर मात्र एकच आकडा असतो, बुद्ध्यांक. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि पुस्तकात इंग्रजी असणाऱ्या मुलाला तो एक आकडा पुरतो का, हे विचारायचा हक्क घटक विश्लेषणानं आपल्याला दिलाय.

आपल्या भागात प्रश्नावली लावताना दोन ठिकाणी हमखास खोटे घटक तयार होतात. पहिली जागा नकारार्थी वाक्यांची. रोझेनबर्ग यांच्या १९६५ च्या आत्मसन्मान मापनीत दहा विधानं आहेत, पाच सरळ आणि पाच उलटी. जगभरच्या कितीतरी विश्लेषणांत ही दहा विधानं दोन घटकांत फुटतात, आणि फूट नेमकी सरळ-उलट अशी पडते. आत्मसन्मानाचे दोन प्रकार सापडले असं त्यातून सिद्ध होत नाही. 'मला स्वतःचा अभिमान वाटण्याजोगं काही नाही' या वाक्याला 'असहमत' म्हणायचं म्हणजे नकाराचा नकार. पुस्तकी मराठी रोज कानावर न पडणारा मुलगा तिथं अडखळतो. लांबलचक वाक्यांचंही तेच, त्यांचा वेगळा गट पडतो आणि तो वाचनाच्या सरावाचा असतो. तपासायला मॅक्‌क्विटींचे बाण पुरेत. सगळ्या उलट्या वाक्यांचे बाण एकमेकांकडंच जात असतील तर तो घटक वाक्याचा आहे, मनाचा नाही. विधानं वर्गात मोठ्यानं वाचून, मुलं बोलतात तशा मराठीत फोड करून भरून घेतली तर हा त्रास बराच कमी होतो.

दुसरी जागा शाळा एकत्र करण्याची. खानापूरच्या पश्चिमेकडच्या गावातल्या मराठी शाळेत दहावीला पंचवीस मुलंही मोठी संख्या. पंचवीस मुलांवर काढलेल्या सहसंबंधात सुमारे ०.२० इतकी चूक येऊ शकते, शंभरांत ०.१०, चारशेंत ०.०५. म्हणून विद्यार्थी चार-पाच शाळा एकत्र करतात, आणि ते योग्यच आहे. पण निपाणी शहरातली शाळा आणि कणकुंबीजवळची शाळा सरळ एका यादीत ओतली तर दोन गावांच्या सरासरीतला फरकच सहसंबंध बनून बसतो. शिकवणीला जाणं आणि धडधड यांचा मुलांच्या मनात काहीही संबंध नसला तरी, एका शाळेत दोन्ही जास्त नि दुसऱ्या शाळेत दोन्ही कमी असतील, तर तक्त्यात संबंध दिसेल. उपाय सोपा: प्रत्येक मुलाच्या गुणातून त्याच्या शाळेची सरासरी आधी वजा करा, मग यादी एक करा.

एवढा खटाटोप कशासाठी, असं शाळेतले शिक्षक विचारतात. एका मुलाचे बेरजेचे गुण १८ आणि दुसऱ्याचेही १८. एकाचे बहुतेक गुण धडधड आणि घामाचे, दुसऱ्याचे घरचे काय म्हणतील याचे. पहिल्याला परीक्षेच्या आधी शांत श्वास घ्यायला शिकवलं, दोन सराव परीक्षा त्याच हॉलमध्ये घेतल्या तर फरक पडू शकतो. दुसऱ्याच्या बाबतीत त्याच्या आईवडिलांना बोलावून बसवावं लागेल. संशोधनात काळजीचा भाग शारीरिक खळबळीपेक्षा गुण घटण्याशी जास्त जोडलेला सापडतो, म्हणजे शांत दिसणारा दुसरा मुलगाच जास्त अडचणीत असण्याची शक्यता. १८ या आकड्यात हा फरक बुडून जातो.

ज्याला हे सगळं करून बघायचंय त्यानं प्रश्नावली शोधतही बसू नये. एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या, निकालात सहा विषय असतात, एकूण ६२५ गुण. मराठी शाळेतल्या मुलाच्या गुणपत्रकावर मराठी, इंग्रजी, कन्नड, गणित, विज्ञान, समाजविज्ञान. सहा विषय, १५ जोड्या, आपल्या उदाहरणाएवढाच तक्ता. मुख्याध्यापकांना विचारून, मुलांची नावं झाकून, दोन-तीन वर्षांचे गुण उतरून घ्या. प्रत्येक वर्षाची आणि शाळेची सरासरी वजा करा. पहिला घटक सगळ्या विषयांवर भारी पडेल हे स्पिअरमन यांनी १९०४ मध्येच सांगून ठेवलंय. तो काढल्यानंतरच्या शिल्लक तक्त्यात कन्नडचा स्तंभ बघा. कन्नड मराठीच्या बाजूला बसते, इंग्रजीच्या, की पाठांतर लागणाऱ्या समाजविज्ञानाच्या? बीदर जिल्ह्यातल्या भालकी-औरादकडच्या शाळांत एक उत्तर येईल आणि खानापुरात दुसरं, असंही होऊ शकेल. ज्या शाळेत कन्नड समाजविज्ञानाला चिकटलेली दिसेल, तिथं मुलं ती भाषा म्हणून शिकत नसून उत्तरं पाठ करत असण्याची शक्यता आहे, आणि मग त्या शाळेच्या कन्नडच्या तासाला जाऊन बसावं लागेल.